हॅलोवीनची जुनी पोस्टकार्डं: अस्सल कशी ओळखायची, घ्यायची आणि पावसाळ्यातून वाचवायची

अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शंभर वर्षांपूर्वीचं ईस्टरचं कार्ड एक-दोन डॉलरला मिळतं. थँक्सगिव्हिंगची टर्कीही साधारण त्याच भावात. त्याच काळातलं, कदाचित त्याच छापखान्यातून निघालेलं भोपळ्याचं आणि काळ्या मांजराचं कार्ड मात्र विक्रेता वेगळ्या पाकिटात घालून आतल्या कप्प्यात ठेवतो आणि वीस डॉलरच्या खाली बोलत नाही. ३१ ऑक्टोबरच्या या सणाची कार्डं ख्रिसमस-ईस्टरच्या मानाने कमी छापली गेली. पोस्टकार्ड जमवणाऱ्यांना ती हवी असतातच, शिवाय फक्त हॅलोवीनच्या वस्तू जमवणारी वेगळी मंडळीही त्यांच्या मागावर असतात. भाव चढा म्हटल्यावर नकला आल्याच.

म्हणून कार्ड हातात आलं की चित्रात रमण्याआधी ते उलटं करायचं. चित्राची नक्कल कोणीही करू शकतो. पाठीवर मात्र पोस्टाचे नियम, तिकिटाचा दर, शिक्क्याची तारीख आणि छपाईचा देश या चार गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि नक्कल करणारे नेमके तिथे सापडतात.

कोणत्या वर्षांतली कार्डं शोधायची

साधारण १९०५ ते १९१५ ही दहा वर्षं. त्या काळात अमेरिकेला पोस्टकार्डांचं अक्षरशः वेड लागलं होतं. जून १९०८ ला संपलेल्या एका वर्षात तिथल्या पोस्टाने ६७ कोटी ७७ लाखांहून जास्त पोस्टकार्डं वाहिली, तेव्हा देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्या आत होती. घरोघरी दिवाणखान्यात पोस्टकार्डांचे अल्बम असत. आज जी कार्डं कोरी, न लिहिलेली सापडतात त्यांतली बरीचशी थेट अल्बममध्येच गेलेली.

यातली उत्तम कार्डं बहुतेक जर्मनीत छापलेली. तिथे रंगीत शिळाछपाईचं तंत्र टोकाला पोचलं होतं: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एका चित्राला आठ-दहा किंवा त्याहून जास्त रंग, वर सोनेरी शाई आणि उठाव, म्हणजे कागद मागून दाबून चित्र वर उचललेलं. मराठी वाचकाला ही छपाई अनोळखी नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हा तंत्रज्ञ जर्मनीहूनच आणले होते. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजी-पणजीच्या देवघरात पोचल्या. त्या चित्रांमधली साडीची जरीची किनार जवळून पाहिली असेल, तर हॅलोवीनच्या कार्डावरचा चंद्र कसा छापलाय ते लगेच ध्यानात येईल.

१९०९ मध्ये अमेरिकेने आयात कार्डांवरचा कर वाढवला, १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन माल आटला. त्यानंतरच्या अमेरिकी कार्डांना बहुधा चारी बाजूंनी पांढरी चौकट असते आणि रंग फिके असतात. तीही गोड दिसतात, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने पैसे आधीच्या दहा वर्षांसाठी राखावेत असं माझं मत.

पाठ वाचायची

पहिली खूण मधल्या रेघेची. १ मार्च १९०७ पूर्वी अमेरिकेत पोस्टकार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहिता येई. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला, जागा मिळेल तिथे कोंबायचा. त्या तारखेपासून पाठीचे दोन भाग झाले, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. हॅलोवीनची बहुतेक कार्डं यानंतरची, म्हणजे मध्ये रेघ असलेली. ब्रिटनमध्ये ही सोय १९०२ पासूनच होती, त्यामुळे इंग्लंडहून टपालात पडलेल्या कार्डाला हीच फूटपट्टी लावू नका.

मग तिकिटाची चौकट बघा. त्यात बरेचदा छापलेलं असतं की देशात पाठवायला एक सेंट, परदेशी दोन सेंट. एक सेंटाचा हा दर नोव्हेंबर १९१७ मध्ये युद्धामुळे दोन सेंट झाला आणि जुलै १९१९ मध्ये पुन्हा खाली आला. तिकीट बहुधा हिरवं, त्यावर फ्रँकलिन किंवा वॉशिंग्टनचा चेहरा. एक सेंटाच्या हिरव्या तिकिटावर वॉशिंग्टन १९१२ पासून आला. म्हणजे त्याच्यावर १९०९ चा शिक्का दिसला तर काहीतरी गडबड आहे.

शिक्क्याची तारीख म्हणजे कार्ड छापल्याची तारीख असं समजू नका. १९१० मध्ये छापलेलं कार्ड एखादीने पेटीतून काढून १९१४ मध्ये पाठवलेलं असू शकतं. शिक्का एवढंच सांगतो की कार्ड या दिवसाच्या आधीचं आहे. तारखा साधारण २८ ते ३० ऑक्टोबरच्या असतात. एखाद्यावर नेमका ३१ चा शिक्का आणि पत्ता शेजारच्याच गावचा असला की मला त्या कार्डाचे दोन पैसे जास्त द्यावेसे वाटतात, बाजारभाव काही म्हणो.

छपाईचा देश अगदी बारीक अक्षरांत कडेला किंवा मधल्या रेघेत असतो. अमेरिकेच्या १८९० च्या कर कायद्यामुळे आयात मालावर मूळ देशाचं नाव टाकणं भाग पडलं होतं, त्यामुळे जर्मनीचं नाव तिथे सापडणं ही चांगली खूण. उलट पाठीवर बारकोड, संकेतस्थळाचा पत्ता किंवा प्रकाशकाच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) दिसला तर पुढे बघायचं कारणच नाही. झिप कोड १९६३ मध्ये आला.

भिंग आणि निळा दिवा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळवाले आणि सोनार वापरतात तसलं. ते भोपळ्याच्या नारिंगी भागावर टेकवा. आजच्या ऑफसेट छपाईत तिथे एकसारख्या आकाराचे, ओळीत बसवलेले ठिपके दिसतील. निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके मिळून बारीक फुलासारखी नक्षी झालेली असेल आणि ती सगळ्या चित्रभर सारखीच असेल. जुन्या शिळाछपाईत ती शिस्त नसते. कारागिराने हाताने टाकलेले ठिपके लहान-मोठे, कुठे दाट, कुठे विरळ. भोपळ्याच्या फुगीर भागावर पिवळा सपाट थर, त्यावर तांबूस ठिपक्यांची गर्दी, खाचेत तपकिरी. रंगांच्या कडा एकमेकांवर किंचित सरकलेल्या. मांजराच्या मिशा छापील ठिपक्यांच्या नसतात, सलग ओढलेल्या रेघा असतात.

पण ठिपके नियमित दिसले म्हणून कार्ड लगेच फेकू नका. १९१० च्या सुमाराला जाळीच्या ठिपक्यांची छपाईही रुळली होती आणि स्वस्त कार्डं तशी छापलेली सापडतात. चार रंगांची ती बारीक फुलांची नक्षी आणि वर चकचकीत लेप, हे दोन्ही एकत्र दिसलं की संशय पक्का.

उठाव असेल तर पाठीवरून बोट फिरवा. खऱ्या उठावाच्या कार्डात पुढे जे वर आलंय ते मागे आत गेलेलं जाणवतं. फोटो काढून छापलेल्या नकलेत उठावाची सावली दिसते, पण कागद सपाट असतो.

यानंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च. ३६५ नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले. असा कागद या दिव्याखाली निळसर-पांढरा चमकतो, जुना कागद मंद, पिवळट राहतो. चमकला तर कार्ड जुनं नाही, हे जवळजवळ नक्की. चमकला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही रसायनं नसलेला कागद आजही मिळतो.

चहात बुडवून पिवळं केलेलं कार्डही अधूनमधून हाती येतं. खऱ्या जुन्या कार्डाच्या कडा मधल्या भागापेक्षा जास्त काळवंडतात, कारण हवा आणि बोटं तिथे लागतात. सगळीकडे सारखा रंग असेल आणि कार्डाची जाड कड आतपर्यंत तपकिरी दिसत असेल तर ते कोणीतरी स्वयंपाकघरात म्हातारं केलेलं आहे.

मापही घ्या. जुनं अमेरिकी कार्ड साडेतीन बाय साडेपाच इंच, म्हणजे सुमारे ८९ बाय १४० मिलिमीटर. पुनर्मुद्रणं बरेचदा चार बाय सहाची असतात. एखादी बाजू दोन-तीन मिलिमीटर कमी भरली तर कार्ड कापलेलं आहे. कधी झिजलेले कोपरे लपवायला कापतात, कधी कडेची पुनर्मुद्रणाची ओळ उडवायला.

कोणाची कार्डं, आणि किती द्यायचे

चार-पाच नावं पाठ करून टाका, बाकी आपोआप कळत जातात.

एलन क्लॅपसॅडल (१८६५–१९३४) हिची टपोऱ्या गालांची, भोपळ्यांशी खेळणारी मुलं सर्वांत जास्त दिसतात. न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल आर्ट कंपनीसाठी तिने प्रचंड काम केलं. सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते. तिची १२३६ क्रमांकाची चार हलती कार्डं ही या छंदातली मोठी शिकार: मुलाचा हात बारीक धातूच्या खिळीवर फिरतो. अशा कार्डाला शेकड्यांनी डॉलर पडतात, म्हणून खिळी मूळचीच आहे का, हात दुसऱ्या कागदाचा तर नाही ना, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत. फ्रान्सिस ब्रंडेज (१८५४–१९३७) हिचीही मुलंच, पण जरा वांड. लंडनच्या राफाएल टक कंपनीसाठी तिने काढलेली कार्डं सफाईदार आहेत. टकचं लंडनमधलं मुख्यालय २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळालं आणि मूळ चित्रं व नोंदी राख झाल्या, त्यामुळे त्या कंपनीच्या मालिका आजवर जमवणाऱ्यांनीच एकेक कार्ड जोडून लावल्या आहेत.

सॅम्युएल श्मकर (१८७९–१९२१) हा माझा आवडता. तो जॉन विन्श या प्रकाशकासाठी काढायचा आणि त्या कार्डांवर त्याची सही नसते, फक्त विन्शचं नाव आणि १९११, १९१२ असं स्वामित्वहक्काचं वर्ष. त्याच्या चेटकिणी म्हाताऱ्या, वाकड्या नाकाच्या नसतात; तरुण, नटलेल्या, चंद्राकडे पाठ करून बसलेल्या. या कार्डांना शंभर डॉलर आणि वर सहज लागतात. विन्शने तीच चित्रं बिनउठावाची, हलक्या कागदावरही काढली होती. ती अस्सलच, फक्त स्वस्त असायला हवीत. विक्रेता दोन्हींना एकच भाव सांगत असेल तर घासाघीस करायची जागा हीच. एच. बी. जी. अशी आद्याक्षरं आणि लेब्री अँड एल्कस कंपनीची खूण असलेली कार्डं गमतीदार चेहऱ्यांची असतात आणि मधल्या भावात मिळतात. व्हिटनी, स्टेचर, गिब्सन या अमेरिकी छापखान्यांपासून सुरुवात केली तर खिसा वाचतो.

बिनसहीच्या, बिननावाच्या सुंदर कार्डांकडेही दुर्लक्ष नको. नावाला भाव असतो, डोळ्याला नसतो.

एक वेगळा प्रकार खऱ्या फोटोंचा: हॅलोवीनच्या पार्टीत मुखवटे घालून उभी असलेली माणसं, घरच्या कॅमेऱ्याने टिपून थेट पोस्टकार्डाच्या कागदावर उमटवलेली. भिंगाखाली ठिपके अजिबात दिसत नाहीत. तिकिटाच्या चौकटीत एझेडओ (AZO, फोटोच्या कागदाचा एक छाप) ही अक्षरं आणि चार कोपऱ्यांत वर टोक असलेले चार त्रिकोण असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. मुलांनी जुन्या पोत्यांचे आणि कागदाचे केलेले मुखवटे बघताना खरोखर अंगावर काटा येतो. छापील चेटकिणीला ते जमत नाही.

चित्रात काय चाललंय

आजचा हॅलोवीन म्हणजे दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागणारी मुलं. जुन्या कार्डांवर ते जवळपास दिसतच नाही, कारण ती प्रथा अमेरिकेत १९३० नंतर पसरली. म्हणून चॉकलेटची पिशवी घेतलेलं पोर १९०८ च्या म्हणवणाऱ्या कार्डावर दिसलं तर थबकायचं.

तेव्हाचा सण स्कॉटिश आणि आयरिश स्थलांतरितांनी नेलेला होता आणि त्याचा गाभा भुतांइतकाच लग्नाचा होता. मध्यरात्री मुलगी मेणबत्ती घेऊन आरशासमोर उभी आहे आणि आरशात तिच्या खांद्यामागे एक तरुण चेहरा उमटतोय, हे चित्र डझनावारी कार्डांवर सापडेल. तो तिचा होणारा नवरा. सफरचंदाची सलग निघालेली साल खांद्यावरून मागे टाकायची, जमिनीवर तिचं जे अक्षर दिसेल ते त्याच्या नावाचं. शेगडीच्या निखाऱ्यावर दोन कवचाची फळं ठेवायची, एक आपल्या नावाचं, एक त्याच्या. शेजारी शांत जळली तर जोडी टिकते, एक तडकून उडालं तर संपलं. डोळे बांधून शेतातून कोबीचा दांडा उपटायचा, तो सरळ की वाकडा, त्यावर नवऱ्याचा बांधा ठरायचा. पाण्याच्या घंगाळात तरंगणारी सफरचंदं दातांनी पकडायचा खेळही याच रात्रीचा.

हे ठाऊक असलं की कार्डं विषयवार लावता येतात. कोणी फक्त आरशाची जमवतं, कोणी काळी मांजरं, कोणी गाजर-कांद्या-भोपळ्यांची डोकी असलेली माणसं. एकच विषय धरला तर खर्च आटोक्यात राहतो आणि दोन वर्षांत संग्रहाला तोंडवळा येतो. सणाच्या नावातल्या दोन इंग्रजी ई अक्षरांच्या मध्ये वर दिलेला स्वल्पविराम हीसुद्धा जुनेपणाची आधार देणारी खूण आहे, पण नक्कल करणारेही तो देतात, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नये.

विकत घेताना

आधी फुकट बघा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात सणांची जुनी पोस्टकार्डं मोठ्या आकारात पाहता येतात. आठवडाभर ती बघितली की डोळा तयार होतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना जुन्या वस्तूंचे मॉल, घर आवरताना होणारे सेल आणि पोस्टकार्डांची प्रदर्शनं असे तीन रस्ते आहेत. प्रदर्शनात विक्रेते खोक्यांत विषयवार कार्डं लावून बसतात. हॅलोवीनचा कप्पा सकाळीच रिकामा होतो, तेव्हा दार उघडायच्या वेळी पोचा. भारतात बसून घेणाऱ्यांना ईबे किंवा युरोपातलं डेलकॅम्प ही खरेदी-विक्रीची संकेतस्थळं. मुंबईच्या चोरबाजारात जुनी पोस्टकार्डं मिळतात, पण तिथे हॅलोवीनचं निघेल ही आशा धरून जाऊ नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शक्यतो घेऊ नका. जो तो तेव्हाच शोधत असतो. जानेवारी-फेब्रुवारीत तीच कार्डं शांतपणे बघता येतात.

विक्रेत्याला इतकं तरी विचारा: दोन्ही बाजूंचे स्कॅन, मिलिमीटरमध्ये माप, उठाव आहे का, आणि तिरप्या उजेडात काढलेला एक फोटो. समोरून काढलेल्या फोटोत घडी दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसते. कोपरे किती बोथट, घडी छापील थरापर्यंत गेलीय का, पाठीवर अल्बममधून उपटल्याचे ओरखडे आहेत का, तिकीट फाडून नेलंय का, यांवर किंमत निम्म्यावरही येते. नावातच ‘व्हिंटेज स्टाइल’ (जुन्या धाटणीचं) किंवा ‘रिप्रो’ (पुनर्मुद्रण) लिहिलेलं असेल तर विक्रेत्याने आपल्याला फसवलं असं म्हणायची सोय नाही. पाठवताना कार्ड आधी पारदर्शक पाकिटात आणि मग दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये घालायला सांगा. कार्डाला थेट चिकटपट्टी लावू नये हेही लिहून कळवा. सीमाशुल्क आणि टपालखर्च धरून कार्ड कितीला पडेल त्याचा हिशेब बोली लावण्याआधी करायचा.

पावसाळ्यातून वाचवणं

मुंबई-कोकण-गोव्यात कार्डाचा खरा शत्रू दमटपणा. त्यातून बुरशी येते आणि मागोमाग कसर. कसरीला जुन्या कार्डांवरची खळ आणि सरस आवडतो.

प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. मऊ, वास येणारं पीव्हीसी नको. ते कालांतराने चिकट होतं आणि शाई ओढतं. चिकट पानांचे फोटो-अल्बम तर घरातून काढूनच टाका. पाकिटं उभी, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात लावा. खोकं स्टीलच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, आणि सगळ्यात खालच्या फळीवर तर नकोच. सोबत सिलिका जेलची रंग बदलणारी पुडी. रंग बदलला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा कोरडी करायची. शे-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक खोक्याजवळ ठेवा. आकडा पन्नासच्या आसपास राहिला तर उत्तम, पासष्टच्या वर टिकून राहिला तर पुडी बदला. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात.

नवीन आलेलं कार्ड थेट संग्रहात घालायचं नाही. पंधरा दिवस वेगळं ठेवून वास आणि ठिपके बघा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने. पाणी, खोडरबर, इस्त्री यांतलं काहीही वापरायचं नाही. शाई आणि सोनेरी थर उठून येतो. भिंतीवर लावायची हौस असेल तर मूळ कार्ड खोक्यात राहू द्या आणि रंगीत प्रत चौकटीत घाला.

स्वतःची छापायची असतील तर

१९३० च्या आधी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कार्डांवरचा तिथला स्वामित्वहक्क संपलेला आहे, त्यामुळे त्यांची प्रत काढून मित्रमंडळींना पाठवायला अडचण नाही. कार्ड फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. उठावाचं कार्ड दाबून झाकण लावू नका.

छापखान्यात तीनशे ग्रॅमचा, लेप नसलेला मॅट कार्डपेपर मागा. पहिली प्रत बघितल्याशिवाय पुढची छापू देऊ नका, कारण पडद्यावरचा भोपळ्याचा नारिंगी चार रंगांच्या छपाईत हमखास मातकट होतो. फाइलमध्ये निळा कमी करून पिवळा थोडा वाढवावा लागतो. सोनेरी शाई येणार नाही, तिच्या जागी मोहरीसारखा पिवळा येईल. माप मूळचंच ठेवा. अमेरिकी पोस्टाला किमान साडेतीन बाय पाच इंच लागतं, त्यात ते बसतं. पाठीवर तिकिटाची जागा मोकळी सोडा, आणि खालच्या कडेला न खोडता येईल अशा बेताने ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द आणि वर्ष छापा.